शेजारच्या काकूंना रोज ज्ञानेश्वरी वाचून दाखवतेय, माझ्या श्रद्धेचं काय?

कौलारू_घर (धागा काढणारी)

नमस्कार मंडळी, इथं वर्षभर नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, कॅथलिक. घरात कोंकणी, गल्लीत मराठी, तहसीलदार ऑफिसात गेलं की मोडकं कन्नड, आपल्या भागाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. टेलरिंग करते, ब्लाउजच्या ऑर्डरी असल्या की रात्रीचे अकरा वाजतात, नाहीतर हे दोन आठवड्यांपूर्वीच लिहिलं असतं.

आमच्या घराला लागून काकूंचं घर, मधली भिंत एकच. काकू माळकरी. पंढरीची वारी कधी चुकवली नाही, गुडघे गेल्यापासून बसनं जातात एवढंच. मुलगा पुण्यात. महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा अजून व्हायचाय आणि त्यातनं आधीच काही दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, डोळ्याला ताण नको. आणि काकूंचा नेम असा की रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या वाचल्याशिवाय जेवायचं नाही. बारावा अध्याय चालू होता. नेम मोडणार म्हणून रडायला लागल्या, आणि ऑपरेशनच्या डोळ्यानं रडू नये म्हणून मी घाबरले. थेंब घालायला गेले होते, तोंडातून निघून गेलं, मी वाचते की, त्यात काय.

हात धुऊन ये म्हणाल्या, बाकी काही अट नाही. लाल फडक्यात गुंडाळलेली पोथी, कडेकडेला हळदीची बोटं उमटलेली. जुनी मराठी मला कुठली यायला, दर ओवीला अडखळत होते, "पारखियां" ला तर पार थांबलेच. काकू म्हणाल्या अगं परक्याला. मग कळलं की ओवी दिव्याची आहे, दिवा काही घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असं करत नाही. पुढची झाडाची, घाव घालणारा आणि रोप लावणारा, दोघांना सावली एकच. मी गप्पच झाले. काय झालं गे म्हणाल्या. मी म्हटलं आमच्यात पण आहे हे, येशू डोंगरावर सांगतो की देव आपला सूर्य चांगल्यांवर उगवतो आणि वाइटांवर पण, पाऊस दोघांच्याही शेतात पाडतो, मत्तय पाचवा अध्याय. काकूंनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "पावसाचं बरोबर आहे. हं, पुढची ओवी."

वाचून झालं की त्या हरिपाठ म्हणतात, तो तोंडपाठ आहे त्यांना. लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकून अर्धा मलाही येतो, पहिल्या दिवशी सूर लावायला गेले तर हातानं थांबवलं. "वाचायचं तू, म्हणायचं मी. तू बस नुसती." जरा लागलं मला, खरं सांगते.

तर हे आमच्या प्रार्थना गटात कळलं. एका बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की तू मूर्तिपूजेला हातभार लावतेस, पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनची पवित्र भाकर, घेऊ नको. दोन रविवार झाले, मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाते पण कम्युनियनला उठत नाही, बाकावरच बसून राहते आणि मागचे लोक माझ्या पायांवरून जातात. नवरा म्हणतो तुझं तू बघ, मला आठला जेवायला वाढ.

आणि गंमत सांगू का, ज्या दिवसापासून वाचायला लागले त्या दिवसापासून माझी रोझरी, आमची मण्यांवरची प्रार्थना, बदललीय. आधी मी ती रेटायचे, शिलाईसारखी, एकदा दोरा घातला की टोकापर्यंत. आता हळू होतेय. काकू एकेका शब्दावर कशा थांबतात ते बघून बघून. हे पाप असेल तर असं कसं होईल? का मीच स्वतःला फसवतेय? दोन्ही बाजूंनी सांगा, पण शिव्या नकोत.

तिसरं_गेट

आधी एक. खाली कुणीतरी बेळगाव की बेळगावी सुरू करणार, त्याला वेगळा धागा आहे आणि तो बंद केलेला आहे. इथं विषयावर बोला.

ताई तुमचे मिस्टर मात्र खरे संत बघा, आठ म्हणजे आठ.

खडकावरचं_घर

ताई, राग मानू नका, मी प्रेमानंच लिहूलालोय. शेजारणीची सेवा करताय ते शंभर टक्के ख्रिस्ती काम आहे, थेंब घाला, भाकरी करून द्या, धुणं धुवा. पण देवाच्या नावानं जे ग्रंथ वाचतात ते वाचणं ही सेवा वेगळी. बायबलात निर्गम २० मध्ये पहिलीच आज्ञा काय आहे? माझ्याशिवाय दुसरे देव नकोत. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १०:२१ ला, म्हणतो प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. तुम्ही म्हणाल मी फक्त वाचलं. पण ज्या वाचनानं त्यांचा नेम पुरा होतो ते वाचन त्यांच्या उपासनेचाच भाग की, मग तुम्ही त्या उपासनेत कोण झालात? मी स्वतः बाराव्या वर्षापर्यंत यल्लम्माच्या जत्रेला जायचो घरच्यांबरोबर, सौंदत्तीला, डोंगर चढून. ते सगळं मी सोडलंय आणि सोडताना काय काय सोसलंय ते मला माहीत. त्यामुळे "त्यात काय" हे दोन शब्द मला जड जातात. ज्याला कधी सोडावं लागलं नाही त्याला त्यात काय वाटतं.

कौलारू_घर

भाऊ तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. हे मला गटातल्या बाईंनी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कॅम्पातली_घंटा

बाळ, मी बेळगावच्या कॅम्पात तीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण शिकवलं, आता घरी बसून तुम्हा लोकांचे धागे वाचतो. पहिली गोष्ट, प्रार्थना गटातल्या कुणालाही तुला कम्युनियनपासून अडवायचा अधिकार नाही. मनात शंका असेल तर फादरांना भेट, पापनिवेदनाच्या वेळी बोल किंवा साधं चहाला जा, पण बाकावर बसून राहू नको. दोन रविवार म्हणजे पुष्कळ झाले.

दुसरी. आपल्या चर्चनं यावर लिहून ठेवलंय. दुसरी व्हॅटिकन परिषद, २८ ऑक्टोबर १९६५, 'नोस्त्रा एताते' नावाचं निवेदन, चार-पाच पानांचंच आहे. त्यात हिंदू धर्माचं नाव घेऊन उल्लेख आहे, आणि म्हटलंय की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. लोक एवढंच वाचतात आणि टाळ्या वाजवतात. त्याच परिच्छेदात पुढं असंही आहे की ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन हे चर्च सांगत राहणार, सांगितलंच पाहिजे. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, मधली भिंत एकच, तुझ्या आणि काकूंच्या घरासारखी. मुलांना मी दोन्ही पाठ करायला लावायचो, एक विसरला तर छडी (तेव्हा चालायची).

आणि खडकावरचं घर साहेब, तुम्ही १०:२१ ला थांबलात. जरा खाली उतरा की, १०:२५ पासून. बाजारात मिळतं ते मांस खा, विचारत बसू नका. परक्यानं जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कुणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे तर खाऊ नका, ते सुद्धा तुमच्या मनासाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या मनासाठी. करिंथ शहरातल्या माणसांचा प्रश्न आणि आपल्या गल्लीतल्या प्रसादाचा प्रश्न सारखाच आहे की हो. पौलानं एकच नियम ठोकून दिला असता तर सोपं होतं, पण त्यानं बघायला सांगितलं की समोर कोण बसलंय.

खडकावरचं_घर

सर, आम्हाला परिषदेचं काय, आम्ही कॅथलिक नाही. पण पौलाचं मान्य. आता तुम्ही अथेन्स काढणार, प्रेषितांची कृत्ये १७, तर आधीच सांगतो, तिथं सोळाव्या वचनात शहर मूर्तींनी भरलेलं बघून त्याचा जीव आतून जळत होता असं आहे.

कॅम्पातली_घंटा

काढणारच होतो :) जीव जळत होता हे खरं. तरी त्यानं काय केलं? फिरून त्यांच्या पूजेच्या वस्तू नीट बघितल्या, अज्ञात देवाची वेदी त्याला दिसली ती नीट बघितल्यामुळंच, आणि अठ्ठाविसाव्या वचनात त्यांच्याच कवींची ओळ त्यांना ऐकवली. म्हणजे ती आधी कधीतरी ऐकून लक्षात ठेवली असणार. जळणारा जीव आणि पाठ असलेली कविता, एकाच माणसात.

आणि नामान? २ राजे ५. अरामी सेनापती, कोड बरा झाला, आता फक्त परमेश्वराला भजणार म्हणून दोन खेचरांवर माती लादून घेऊन निघाला. जाताना अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोनच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं परमेश्वरानं माफ करावं. अलीशा काय म्हणाला? शांतीनं जा. धन्याला टेकायला हात दिला म्हणून त्याला झोडलं नाही. काकू कुणाच्या डोळ्यांवर टेकल्यात ते तुम्हीच बघा.

खडकावरचं_घर

नामाननं माफी मागितली सर. परवानगी नाही मागितली. फरक आहे.

तिसरं_गेट

हे भारी होतं. मला दोघांपैकी कुणाच्या बाजूनं जावं कळेना.

निपाणीचा_टाळ

मी वारकरी, आमच्याकडे तीन पिढ्यांची वारी आहे. ताई तुमच्या काकूंनी हरिपाठाला थांबवलं ते वाचून बरं वाटलं. एक स्पष्ट बोलतो, कडू लागेल.

तुमच्या लोकांनी आमच्या संतांचं कौतुक केलं की आम्हाला आनंद होतो आणि भीती पण वाटते. नारायण वामन टिळक घ्या. मोठा कवी, वाद नाही. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. तुमच्यात हे अभिमानानं सांगतात. आम्ही ऐकतो तेव्हा डोक्यात येतं की अरे, आमचा तुकोबा म्हणजे यांना पूल? पाय ठेवून पलीकडे जायला? पूल कुणी घर म्हणून बांधत नाही. आमच्यासाठी तो मुक्कामाचं ठिकाण आहे. मग कुणी ख्रिस्ती माणूस गाथा हातात घेऊन आला की आमचे म्हातारे विचारतात, वाचायला आलाय का मोजायला?

फादर स्टीफन्सचं पण तसंच. इंग्लंडात जन्मलेला माणूस, गोव्यात आला, ओवीत ख्रिस्ताचं पुराण रचलं, १६१६ ला रायतूरला छापलं. भाषांमध्ये मराठी म्हणजे फुलांमध्ये मोगरी असं त्यानं म्हटलंय, ते आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. पण हे पुराण गोव्यातल्या ज्या साष्टीत झालं त्याच साष्टीत १५६७ साली देवळं पाडली होती. म्हणजे लोकांची पुराणं हातातून गेली आणि मग त्यांना त्याच चालीत दुसरं पुराण मिळालं. चाल सुंदर आहे, मी वाचलंय थोडं. पण शिकणं आणि उचलणं यातला फरक आम्ही कसा ओळखायचा? ताईंवर रोख नाही.

गोवावेस_कोपरा

झालं सुरू. ५०० वर्षांपूर्वीचं काढलं.

कॅम्पातली_घंटा

काढू देत, खरंच आहे ते. आमच्या खानापूर, बेळगावच्या कितीतरी घरांचं मूळ गोव्यात. मंगेशी आज प्रियोळला आहे कारण १५६० मध्ये कुशस्थळीहून रातोरात हलवावी लागली, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगायचो तर एक-दोन पालक तक्रार घेऊन आले होते. मी म्हटलं, मुलांना हे मंगेशीच्या पुजाऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

पण टाळ साहेब, दुसरीही बाजू त्याच गोव्यात आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या मारिया मातेला, लोक शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, एकीच्या उत्सवात दुसरीकडून तेल, फुलं जातात. कुठल्या परिषदेनं हे ठरवलं नाही. धर्मशास्त्रात हे बसवायला मला जमत नाही, खरं सांगतो, एक देवमाता आणि एक देवी बहिणी कशा? पण ज्या बायकांनी हे नातं लावलं त्यांना शेजार तोडायचा नव्हता एवढं मला समजतं.

वडगाव_हातमाग

आम्ही प्रॉटेस्टंट, मराठी उपासना. लंडन मिशनवाले १८२० ला बेळगावात आले तिथपासूनची आमची मंडळी. टिळकांची भजनं आमच्यात पेटी-तबल्यावर म्हणतात आणि आजीला तर ती तुकारामाचीच वाटायची, शेवटी नाव येतं "दास" तेव्हा चुकल्यासारखं करायची. टाळदादा, पुलाचं तुमचं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं, आमच्यात कुणी असा विचार केलेला नाही. मला तो पूल नेहमी टिळकांचा उपकार मानणं वाटायचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुद्धा त्या माणसानं तुकोबाला टाकलं नाही. किंमतही मोजली की, लक्ष्मीबाई पाच वर्षं ख्रिस्ती नव्हत्या, घर तुटलेलं, १९०० ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. पण तुमच्या बाजूनं बघितलं तर पूल तो पूलच. यावर उत्तर नाही माझ्याकडं.

बैलहोंगल_शेंगा

मी लिंगायत, आईकडून मराठी, त्यामुळे इथं घुसतोय. बसवण्णांचं एक वचन आहे, आमच्यात लहान पोराला पण येतंय. श्रीमंत लोक देऊळ बांधतील, मी गरीब काय करू, माझे पाय खांब, देह देऊळ, डोकं सोन्याचा कळस. शेवटी म्हणतात, स्थावर आहे ते पडतं, चालतं-फिरतं ते राहतं. बाराव्या शतकातलं. आमच्या कॉलेजातल्या एका ख्रिश्चन मित्राला सांगितलं तर तो म्हणाला आमच्या पौलानं पण लिहिलंय की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर. मग आम्ही दोघांनी अर्धा तास भांडण केलं की कोण आधी, आणि शेवटी मिरची-भजी खाल्ली. पण नंतर विचार केला तर दोघांचा अर्थ वेगळाय. बसवण्णा देवळाच्या मालकांना टोला मारतात. पौल लोकांना सांगतो की व्यभिचार करू नका, वेश्येकडं जाऊ नका. शब्द सारखे, भांडण वेगळं. "सगळे धर्म एकच सांगतात" म्हणणाऱ्यांनी दोन्ही नीट वाचलेलं नसतंय बघा.

आमच्या तालुक्यात देशनूरला जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या, फादरांचा विरक्त मठ आहे, माहितीय का? मठच म्हणतात. भगवे कपडे, शाकाहार. मला बरं वाटतं, माझ्या काकाला अजिबात नाही, म्हणतो इष्टलिंग नाही तर मठ कसला. टाळ साहेबांसारखंच त्याचं पण.

निपाणीचा_टाळ

काकांना माझा नमस्कार सांगा.

खडकावरचं_घर

बैलहोंगलवाल्यांशी मी सहमत, लिहून ठेवा, परत होणार नाही. मला "सगळं एकच" वाल्यांपेक्षा टाळ साहेब जवळचे वाटतात, निदान त्यांच्यासाठी काहीतरी खरं आहे आणि काहीतरी खोटं.

कौलारू_घर

चार दिवस आले नाही, लग्नाच्या ऑर्डरी होत्या. सगळं वाचलं. टाळदादा, वाचायला की मोजायला या प्रश्नानं मला झोप लागली नाही, कारण थोडं मोजत होतेच मी. दिव्याची ओवी आली की माझ्या डोक्यात लगेच मत्तय ५, जणू काय मी परीक्षेचे पेपर तपासतेय आणि ज्ञानेश्वर पास झाले. काकूंनी मात्र माझं वचन ऐकलं आणि पावसाचं बरोबर आहे म्हणून सोडून दिलं. त्यांनी ते आपल्यात ओढून घेतलं नाही.

मग मी उलटं करून बघितलं. जिथं माझ्यासारखं नाही तिथं थांबायचं. हरिपाठात एक ओळ सारखी येते, मुखानं हरी म्हणा, पुण्याची गणना कोण करणार. माझी रोझरी तर मोजायचीच वस्तू, दहा-दहा मणी, आणि मी मनात हिशेब पण ठेवते, ही आईच्या आत्म्यासाठी, ही नवऱ्याच्या बीपीसाठी. काकूंना विचारलं, मोजत नाही तर किती म्हणायचं कसं कळतं? त्या म्हणाल्या, "पोट भरलं की कळतं की." आमच्यात कृपा म्हणतात ती हीच का, माहीत नाही, फादरांना विचारणार आहे. पण हे मला माझ्या पुस्तकातून आठवलं नव्हतं, त्यांच्याकडून आलं.

फादरांना भेटले हो सर. ऐकून घेतलं, हसले, रविवारी उठ म्हणाले. आणि म्हणाले तू हरिपाठ म्हणत नाहीस ना? मी म्हटलं काकू म्हणू देत नाहीत. ते म्हणाले मग तुझ्या काकूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता खरं सांगायचं ते. प्रसादाचं मी वर लिहिलं नव्हतं, मुद्दामच, कारण लाज वाटत होती. लहानपणापासून त्यांच्याकडून आषाढीला, गणपतीला, काही ना काही येतं, शिरा, पुरणपोळी, आम्ही खातो. आई कधी काही बोलली नाही. घंटा सरांनी करिंथचं लिहिल्यावर मला वाटलं आता विचारावंच लागणार. काल वाचन झाल्यावर विचारलं, काकू तुम्ही आम्हाला देता तो नैवेद्याचा असतो ना?

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुमचा वेगळा असतो."

मला कळेना. तर म्हणाल्या, तू चार-पाच वर्षांची असताना तुझ्या आईला सत्यनारायणाचा प्रसाद दिला होता. तिनं घेतला, पण कपाळाला लावला नाही, पदराआड धरला, थँक्यू म्हणाली आणि गेली. नंतर परसात बघते तर कोंबड्यांना घालत होती आणि रडत होती. मला राग आला होता गे, चार दिवस बोलले नाही. मग वाटलं, रडत का घातला? नुसता टाकायचा असता तर रडली नसती. तेव्हापासून नैवेद्य दाखवायच्या आधी तुमच्या घरचं ताट काढून वरच्या फळीवर झाकून ठेवते, देवघरात नेतच नाही.

मी म्हटलं देवाच्या आधी माणसाचं काढलेलं चालतं तुमच्यात? म्हणाल्या, "नाही चालत. विठोबाला सांगितलंय."

तीस वर्षं. आईला हे कधीच कळलं नाही, आईला जाऊन सहा वर्षं झाली. आणि आईचं सांगते, नाताळात ती काकूंच्या ताटात फक्त नेवऱ्या घालायची, केक नाही, कारण केकला अंडं. त्या नेवऱ्यांची कढई पण वेगळी, तिच्यात वर्षभर दुसरं काही तळलं नाही, मासे तर नाहीच. लहानपणी मला वाटायचं काकूंना केक आवडत नाही.

वडगाव_हातमाग

ताई मी मागावर बसूनच वाचलं, धोटा हातात तसाच राहिला.

निपाणीचा_टाळ

नैवेद्याआधी काढणं आमच्या घरी माझ्या आईनं कधीच केलं नसतं. मी तिला आज हे वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या बाईचं नाव विचार, आषाढीला भेटू. मी म्हटलं आई, इथं नावं सांगत नाहीत.

तिसरं_गेट

काकू वारीला येणारच असतील, बसनं. शोधा पंढरपुरात, दहा लाखांत एक खानापूरची माळकरीण, उजव्या डोळ्यानं स्पष्ट बघणारी.

खडकावरचं_घर

ताई, पूर्ण पटलं असं नाही म्हणत. नेमाच्या वाचनाबद्दल माझं मत तेच आहे, मी वाचलं नसतं. पण त्या कोंबड्यांच्या जागी मी होतो एकदा, म्हणजे तुमच्या आईच्या. यल्लम्माचा भंडारा आजीनं हातात दिला आणि मी तिच्यासमोर गटारात झटकला. एकोणीस वर्षांचा होतो, नवा विश्वास. आजी काही बोलली नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परसात जाऊन रडायला पाहिजे होतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

काकूंचा डावा डोळा कधी आहे? थेंब झाकण उघडल्यावर महिनाभरच चालतात, तारीख लिहून ठेवा बाटलीवर, माझ्या आईच्या वेळी आम्ही जुनेच घातले होते.

कौलारू_घर

लिहिते आजच. डावा पुढच्या महिन्यात आहे. बारावा संपला परवा, आता तेरावा लागलाय, तो फार मोठा आहे म्हणतात. भाऊ, शंका आली की इथंच विचारीन, तुम्ही निर्गम घेऊन या.